विज्ञानाची उजळणी : नियमातली अट विसरू नका



आपल्या वसतिगृहातील दहावीची मुले सध्या विज्ञानाची उजळणी करीत आहेत. बहुतेकांच्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेले हे पहिलेच. नियम त्यांना तोंडपाठ आहेत, पण प्रश्न जरा फिरवून आला की ती अडतात. म्हणून संध्याकाळच्या अभ्यासात मी प्रत्येक नियमाची अट आधी विचारतो. अट सुटली की अर्धा नियम सुटला. तीन उदाहरणे पाहू.

१. द्रव्य अक्षय्यतेचा नियम (लव्हाझिए) : रासायनिक अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही. मग चुलीतल्या मोळीभर लाकडांची राख मूठभरच कशी उरते? कारण कार्बन डायऑक्साइड आणि वाफ हवेत निघून जातात. जळताना हवेतला ऑक्सिजनही खर्च होतो. बंद भांड्यात हे सारे मोजले तर हिशेब जुळतो. अट : काही आत येऊ नये, बाहेर जाऊ नये.

२. बॉईलचा नियम (१६६२) : वायूचे आकारमान निम्मे केले की दाब दुप्पट होतो. सुई नसलेल्या सिरिंजचे तोंड बोटाने घट्ट दाबून दट्ट्या ढकला, दाब हाताला जाणवतो. अट : तापमान आणि वायूचे वस्तुमान स्थिर हवे. असे का होते, हे सिद्धान्त सांगतो : वायूचे कण सतत धावत असतात, जागा निम्मी झाली की भिंतींवर दुप्पट धडका बसतात. नियम काय घडते ते सांगतो, सिद्धान्त का घडते ते सांगतो. परीक्षेत हा फरक विचारतात.

३. ओहमचा नियम (१८२७) : एका तारेला ३ व्होल्ट दिल्यावर ०.२ अँपिअर धारा वाहत असेल, तर ६ व्होल्टला ०.४ अँपिअर वाहते. अट : तारेचे तापमान व भौतिक अवस्था बदलू नये. विजेरीच्या बल्बमधली तार तापते, तिचा रोध वाढतो. म्हणून तिथे धारा दुप्पट होत नाही.

मुलांनी वहीत तीन रकाने आखले आहेत : नियम, अट, घरातले उदाहरण. तिसरा रकाना ती स्वतः भरतात.

आपल्या मंडळीत विज्ञान शिकलेले कोणी असतील, तर त्यांनी आठवड्यातून एक तास या मुलांसाठी द्यावा. महागड्या साहित्याची गरज नाही. सिरिंज, सेल, बल्ब आणि “अट कोणती?” हा प्रश्न एवढे पुरे.