आजोबांचा आनंद आणि घरांतील माता

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे आमच्या खेड्यांतील जुनीं घरें पुन्हां भरूं लागतात. नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस गेलेले मुलगे, सासरीं नांदणाऱ्या मुली आणि त्यांचीं लेंकरें हीं सर्व एकत्र येतात. ओट्यावर आजोबा बसलेले असतात. एक नातू मांडीवर, दुसरा पाठीशीं, आणि धाकटी नात त्यांचा चष्मा ओढीत असते. हें पाहून कोणाचेंहि मन प्रसन्न होईल. म्हातारपणीं देव जीं सुखें देतो, त्यांत यासारखें सुख क्वचितच सांपडेल. या पाठांत आपण त्या सुखाविषयीं, आणि तें ज्यांच्या कष्टांवर उभें असतें त्या मातांविषयीं विचार करूं. वाचकांनीं उत्पत्तीचा ४८ वा अध्याय व रूथचें पुस्तक आधीं वाचून ठेवावें, म्हणजे पाठ समजण्यास सोपा जाईल.

१. याकोबाचा आनंद व त्याची आठवण

याकोब मिसर देशांत आजारी पडला, तेव्हां योसेफ आपल्या मनश्शे व एफ्राईम या दोघां मुलांस घेऊन त्यास भेटावयास गेला. वृद्धाची दृष्टि मंद झाली होती. तरी योसेफ आला आहे असें कळतांच तो बळ धरून बिछान्यावर उठून बसला. त्यानें नातवांस जवळ घेतलें, त्यांचे मुके घेतले व त्यांस कवटाळलें. ज्या पुत्राचें तोंड पुन्हां दिसेल अशी आशा उरली नव्हती, त्याची संततीहि आपणास दिसली, याबद्दल त्यानें देवाचा उपकार बोलून दाखविला. ज्यांनीं नातवंड प्रथम हातीं घेतलें आहे, त्यांस या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

परंतु या अध्यायांतील सातवें वचन आपण बहुधा घाईनें वाचून पुढें जातों. बोलणें चाललें आहे वतनाचें व वारशाचें. इतक्यांत म्हातारा एकाएकीं राहेलीविषयीं बोलूं लागतो. ती प्रवासांत वारली, एफ्राथ गांव थोडेंच दूर राहिलें होतें, आणि तेथेंच वाटेवर मीं तिला पुरिलें, असें तो सांगतो. राहेल ही योसेफाची आई, म्हणजे या मुलांची आजी. धाकट्या पुत्रास जन्म देतांना तिचा प्राण गेला होता. नातवंडांचा आनंद पदरीं पडतांना याकोबास त्या मातेची आठवण झाली, हें त्याच्या अंतःकरणाला शोभणारें होतें. कारण तीच नसती तर योसेफ कोठला आणि हे नातू तरी कोठले?

तरी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. या दोघां मुलांची आई आसनथ ही होती. पण त्या संबंध अध्यायांत तिचें नांव येत नाहीं. वारलेल्या मातेचें स्मरण झालें, जिवंत मातेचें झालें नाहीं. आपल्या घरांतहि बहुधा असेंच घडतें.

२. नामीचे रिते हात

दुसरी गोष्ट त्याच एफ्राथ गांवची, म्हणजे बेथलेहेमाची आहे. दुष्काळामुळें नामी आपला नवरा व दोन मुलगे यांच्यासह मवाब देशांत गेली. तेथें नवरा वारला, मग मुलगेहि वारले. सुमारें दहा वर्षांनीं ती परत आली, तेव्हां गांवच्या बाया विचारूं लागल्या, ही नामीच काय? तिनें उत्तर केलें कीं, मला नामी म्हणूं नका, मारा म्हणा. मी भरलेली गेलें आणि परमेश्वरानें मला रिकामी परत आणिलें. तिचें दुःख खरेंच मोठें होतें. त्यास कोणीं नांवें ठेवूं नयेत. परंतु ती हें बोलत होती त्या वेळीं तिच्या बाजूस कोण उभें होतें? रूथ उभी होती! आपले आईबाप, आपला देश व आपले देव सोडून आलेली सून जवळ असतां सासू म्हणते, मी रिकामी आलें.

पुढें जवाचा हंगाम चालू झाला. रूथ सकाळपासून परक्याच्या शेतांत कापणाऱ्यांच्या मागें सरवा वेंचीत राहिली. दुपारीं बवाजानें दिलेला हुरडा तिनें पोटभर खाल्ला व उरलेला पदरीं बांधून ठेविला. संध्याकाळीं सुमारें एक एफा जव झोडून ती घरीं आली, आणि ठेविलेला घांस तिनें सासूपुढें काढिला. आपल्या पोटास मिळतांच म्हाताऱ्या माणसाची आठवण ठेवणारी सून ती हीच.

शेवटीं रूथला पुत्र झाला. नामीनें त्यास उराशीं धरिलें व ती त्याची दाई झाली. त्या वेळीं शेजारच्या बायांनीं जें सांगितलें, तें या पाठाचें मर्म होय. त्या केवळ बाळाचें कौतुक करून थांबल्या नाहींत. ज्या सुनेनें हें बाळ प्रसविलें ती तुजवर प्रीति करिते, आणि सात पुत्रांपेक्षां ती तुला अधिक आहे, असें त्यांनीं म्हटलें. नातू मांडीवर घेऊन बसलेल्या आजीला शेजारणींनीं त्याच्या आईकडे पाहावयास लाविलें. हाच ओबेद पुढें दावीद राजाचा आजोबा झाला.

३. आमच्या घरांतील पंगत

कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत मी एका मंडळींतील वयोवृद्ध गृहस्थांच्या घरीं गेलों होतों. दोन सुना, एक लेक व सात नातवंडें घरीं होतीं. पुरुषांची पंगत झाली, मग मुलांची झाली. सहा वर्षांची एक नात हात धुऊन आजोबांजवळ आली व म्हणाली, "आजोबा, आई केव्हां जेवते? मला ती जेवतांना कधींच दिसत नाहीं."

गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. ते उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आंत कालवण संपलें होतें. थोरली सून पाट्यावर चटणी वाटीत होती व धाकटी टोपल्यांत उरलेल्या भाकरींचे तीन वांटे करीत होती. तिच्या मांडीवर तीन महिन्यांचें मूल पीत होतें.

रात्रीं अंगणांत ते मला म्हणाले, "पाळकसाहेब, या मुलांची आजी चाळीस वर्षें अशीच शेवटीं जेवली. ती गेली तेव्हां मीं कबरेजवळ सर्वांदेखत तिचे आभार मानिले. पण ऐकावयास ती नव्हती."

दुसऱ्या दिवशीं ताट समोर येतांच त्यांनीं हात आंखडला व हांक मारिली, "सूनबाई, तुमचीं ताटें इकडे आणा. आज सारीं एकदम बसूं." थोरली संकोचली. "आप्पा, तुम्ही जेवून घ्या, आम्ही मागून बसूं," असें ती म्हणाली. म्हातारा म्हणाला, "मागून बसणारी एक आम्ही गमाविली, बाई. आतां तुम्ही मागून बसूं नका."

आदल्या दिवशींच्या पहिल्या पंगतींत मीहि होतों. मीं उपकारस्तुति केली व पोटभर जेवलों. आंत किती उरलें आहे हें मीं पाहिलें नाहीं. म्हणून हा पाठ लिहिणारा प्रथम स्वतःस शिकवीत आहे.

ही एका घराचीच गोष्ट नव्हे. सन २०१९–२१ मध्यें झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या दर १०० स्त्रियांपैकीं ५७ जणींच्या अंगांत रक्त कमी असल्याचें आढळून आलें. त्यास कारणें अनेक आहेत. परंतु शेवटीं व अपुरें जेवणें हें त्यांतील एक आहे. सन २०१९ मध्यें सरकारनें लोकांच्या वेळेचीहि पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्यांत दिवसाचीं सरासरी २९९ मिनिटें, म्हणजे जवळजवळ पांच तास जातात, असें तींत दिसलें. घरकामास हात लावणारे पुरुष १०० पैकीं सुमारें २६ निघाले, आणि त्यांचीं मिनिटें ९७ भरलीं. ओट्यावरील आनंदाची किंमत कोण भरतें, हें या आंकड्यांवरून कळेल.

४. वडील माणसांनीं काय करावें?

घरांत वडिलांचा शब्द चालतो. सुनेला जें मागतां येत नाहीं, मुलाला जें सुचत नाहीं, तें आजोबांच्या एका वाक्यानें होतें. म्हणून पुढील गोष्टी त्यांच्याकडेच सोंपविल्या पाहिजेत.

पहिली: सर्वांनीं एकदम जेवावें, तें न साधल्यास मातांचें अन्न आधीं काढून ठेवावें. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस तर इतरांहून अधिक लागतें. गरोदरपणीं १८० दिवस व बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यावयाच्या असतात. त्या घेतल्या कीं नाहीं हें आजीनें प्रेमानें विचारावें.

दुसरी: नातवंड खेळविणें हें केवळ आपलें सुख समजूं नये. नामी दाई झाली, पाहुणी होऊन बसली नाहीं. दुपारीं दोन तास मूल आपण सांभाळावें व त्याच्या आईस निजूं द्यावें.

तिसरी: मुलादेखत त्याच्या आईस बोलूं नये. आईनें नको म्हटलेला खाऊ आजोबांनीं गुपचूप दिला, म्हणजे मूल खाऊबरोबर अवज्ञाहि शिकतें. लोइस आजी व युनीके आई या दोघींचें नांव प्रेषित पौल एकाच वाक्यांत घेतो, आणि दोघींचा एकच विश्वास तीमथ्यांत उतरला असें म्हणतो. आजी व आई एका मनाच्या असल्या म्हणजे लेंकराचें असें कल्याण होतें.

चवथी: पाणी भरणें, ताटें उचलणें, केर काढणें हीं कामें नातवांसहि लावावींत, केवळ नातींस नव्हे. आजोबांनीं स्वतः ताट उचललें, तर नातवास उपदेशाची गरज राहणार नाहीं.

पांचवी: आभार तोंडानें मानावेत, आणि तेहि आज मानावेत. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायांतील स्त्रीची मुलें उठून तिला धन्य म्हणतात व तिचा नवराहि तिची वाखाणणी करितो. ती जिवंत असतां, तिच्या कानीं पडेल असें तीं बोलतात.

घरीं विचार करण्यासाठीं प्रश्न

(१) नामी स्वतःस रिकामी म्हणाली, तेव्हां तिला काय दिसलें नव्हतें? (२) आसनथेसारखी आपल्या घरांत जिचें नांव कधीं निघत नाहीं अशी कोण आहे? (३) काल रात्रीं आपल्या घरीं सर्वांच्या शेवटीं कोण जेवलें, आणि त्यांच्या ताटांत काय होतें?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर येत नसेल, तर हें पत्र खालीं ठेवून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जावें व तेथें विचारावें.