उत्तरसूचीचा उपयोग

मुलांनो, मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लासूर स्टेशन हे गाव आहे. येथील बाजारात आसपासच्या खेड्यांतून कांदा, मका, कापूस येतो. माल काट्यावर चढतो व त्याचे वजन कळते. काटा वजन सांगतो. माल मात्र शेतकऱ्यालाच पिकवावा लागतो. इंग्रजीच्या स्वाध्यायपुस्तिकेच्या अखेरीस जी उत्तरसूची छापलेली असते, तिचे कामही या काट्यासारखेच आहे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. तथापि ज्या घरी इंग्रजी जाणणारे कोणी नाही, तेथील मुलाला आपले उत्तर बरोबर की चूक, हे सायंकाळी कोणी सांगावे? त्याला उत्तरसूचीचाच आधार असतो. म्हणून तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. ती केव्हा उघडावयाची, एवढेच शिकावयास हवे.

समजा, 'गो' या क्रियापदाचे भूतकाळी रूप विचारले आहे. एक मुलगा आधीच सूची पाहून 'वेन्ट' असे उतरवून घेतो. दुसरा 'प्ले'चे 'प्लेड' होते हे आठवून 'गोएड' लिहितो आणि मग सूची उघडतो. पहिल्याची वही निर्दोष दिसते. परंतु लाभ दुसऱ्याचा होतो. नियम येथेच का मोडला, असा प्रश्न त्याला पडतो. विचार करता करता त्याला आपली मायबोली आठवते. आपण 'बस'चे 'बसला' करतो. पण 'जा'चे 'जाला' न म्हणता 'गेला' म्हणतो. लहान मूल 'मी केले' याऐवजी 'मी करले' म्हणते, तेव्हा तेही नियमालाच धरून बोलत असते! नित्य वापरातील कित्येक क्रियापदे अशी नियमाबाहेरची असतात, हे ज्याला उमगले, तो पुढे 'कम'चे 'केम' पाहून गोंधळत नाही.

शिवाय सूचीतही चूक असू शकते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्ती परीक्षेनंतर प्रथम अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते, तिच्यावर आक्षेप मागविते आणि त्यांचा विचार करून मग अंतिम सूची काढते. आक्षेप कोण घेऊ शकेल? ज्याने प्रश्न स्वतः सोडविला असेल तोच.

तेव्हा पुस्तिका अशी वापरावी : प्रथम सर्व उत्तरे आपल्या बुद्धीने लिहावीत. नंतर सूची उघडून चुकांवर खूण करावी. सूची मिटून प्रत्येक चुकलेल्या शब्दाचे एक नवे वाक्य रचावे. जे तरीही उमगले नाही, ते दुसऱ्या दिवशी गुरुजींना किंवा बाईंना विचारावे. परीक्षेच्या खोलीत सूची बरोबर नेता येत नाही, आणि परगावी कोणी इंग्रजीत काही विचारले तर तेथेही ती हाताशी नसते. त्या वेळी आपण स्वतः पिकविलेले तेवढेच आपल्या उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. लेखकाने उत्तरसूचीला काट्याची उपमा का दिली आहे?
२. 'गोएड' लिहिणाऱ्या मुलाचा लाभ कोणता झाला?
३. 'गेला', 'केले' यांसारखी नियमाबाहेरची आणखी तीन मराठी रूपे शोधा.

(या प्रश्नांची उत्तरे पुस्तकाच्या अखेरीस दिलेली नाहीत.)