मऊ ब्रेडचा संशय

गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले असता त्यातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने एकमेकांत गुंतून जे चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते त्यास ग्लुटेन म्हणतात. यीस्टमुळे सुटणारा वायू या जाळ्यात अडकून राहतो म्हणून ब्रेड फुगतो, आणि त्याच चिवटपणामुळे कापलेली स्लाइस न मोडता दुमडता येते. सीलिअॅक या विकारात नेमक्या याच प्रथिनांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्या लहान आतड्यावर उलटते, अन्नरस शोषून घेणारे आतड्याचे अस्तर झिजून सपाट होते, आणि गहू, जव व राय ही धान्ये आयुष्यभर वर्ज्य करण्याखेरीज त्यावर उपाय उरत नाही. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाचा हा दोष १९५० मध्ये आपल्या प्रबंधात मांडला. इतकी वर्षे लोटूनही आपल्याकडील लग्नघरांत या पथ्याला ‘शहरी थेर’ समजले जाते, हे येथे नोंदवून पुढे जाणे बरे.

ग्लुटेन वगळून केलेला ब्रेड बेचव का लागतो, याचे उत्तर त्याच्या घडणीतच आहे. तांदळाचे पीठ, बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा (ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्याचा) स्टार्च आणि त्यांना धरून ठेवण्यासाठी इसबगोलाची भुशी किंवा झँथन गम, म्हणजे एका जीवाणूच्या साहाय्याने आंबवून मिळवलेला डिंकासारखा पदार्थ, यांचे मिश्रण मळता येत नाही. ते इडलीच्या पिठासारखे सैल असते आणि साच्यात ओतावे लागते. अशा ब्रेडमध्ये स्टार्चचे प्रमाण फार असल्याने तो लवकर शिळा होतो, कारण भाजताना फुललेले स्टार्चचे कण थंड होताच पुन्हा घट्ट रचनेत बसू लागतात. ही क्रिया फ्रिजच्या थंडाव्यात सर्वांत वेगाने घडते, फ्रीझरमध्ये गोठवल्यास जवळजवळ थांबते आणि पुन्हा तापवल्यास बरीचशी उलटते. दुकानातला ब्रेड खाण्याजोगा करण्याची जवळजवळ सारी युक्ती या एका वस्तुस्थितीत आहे, परंतु पाकिटावर ती क्वचितच छापलेली आढळते.

लेखिका राहते ते देवळा हे बाजरी खाणाऱ्या मुलखातले तालुक्याचे गाव असल्यामुळे येथे ब्रेडची चिंता करणाऱ्या कुटुंबाला हमखास एक प्रश्न ऐकावा लागतो, तो असा की घरात बाजरीची भाकरी असताना ब्रेडवाचून काय अडले आहे. प्रश्न विचारणाऱ्यांच्या मुलांच्या डब्यात मात्र सँडविच असते. शिवाय भाकरी तितकी निर्धोक असतेच असे नाही: गावच्या गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यात बाजरी टाकली की जात्यात अडकलेले गव्हाचे पीठ बाजरीत उतरते, आणि बाजरीचे पीठ लवकर कडू होत असल्याने ते वारंवार दळून आणावे लागते, म्हणजे धोकाही वारंवार येतो. घरघंटी घेऊन तिच्यात गहू कधीच न घालणे हा यावरचा खरा उपाय असून तो खर्चिक आहे, आणि त्या खर्चाचीही चर्चा नातलगांत होतेच.

प्रस्तुत लेखिकेच्या घरात पथ्य आहे ते शाळकरी मुलीचे, आणि त्या अनुषंगाने नाशिकमधील एका बेकरीशी आलेला संबंध हा या विवेचनाचा आधार आहे. या बेकरीत ‘ग्लुटेन-फ्री नाचणी ब्रेड’ अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेला ब्रेड मिळत असे, त्यावर घटकांची यादी नसे, परवाना क्रमांक नसे आणि मागितल्याशिवाय पावतीही नसे. मात्र ओळखीच्यांकडून त्याची शिफारस झाली होती आणि किंमतही इतर ग्लुटेनमुक्त ब्रेडच्या मानाने कमी होती. हा ब्रेड घरी उघडला गेला तेव्हा त्याची स्लाइस मधोमध दुमडली तरी तिला चीर पडली नाही, आणि तुकडा तोडताना कडेला बारीक तंतू ताणले गेले. सासूबाईंनी ‘आता जमला बाई ब्रेड’ म्हणून समाधान व्यक्त केले, मुलीला तो आवडला, आणि लेखिकेने ताट बाजूला सरकवले तेव्हा तिच्या संशयी स्वभावाची नेहमीप्रमाणे चर्चा झाली. इसबगोल आणि अंडे घातलेला चांगला ग्लुटेनमुक्त ब्रेडही थोडाफार वाकतो. परंतु सामान्य तापमानाला, न तापवता, तंतू सुटेपर्यंत ताणला जाणारा ब्रेड गव्हावाचून होत नाही, निदान त्या किमतीत तर नाहीच.

बेकरीत फोन केल्यावर मिळालेले उत्तर जसेच्या तसे नोंदवण्यासारखे आहे: ‘ताई, मैदा एक चमचा नाही. नाचणी आणि गव्हाची कणीक, बस.’ ग्लुटेन केवळ मैद्यात असते आणि कणीक ही त्याच गव्हाची असूनही निरुपद्रवी असते, ही समजूत या व्यवसायात किती खोल रुजली आहे याचा तो नमुना होता, आणि येथवर त्यास अज्ञान म्हणता आले असते. परंतु मुलीच्या आजाराची कल्पना दिल्यावर ‘एवढ्या-तेवढ्यानं काही होत नाही, हल्ली सगळ्यांनाच असली फॅडं लागलीत’ असे पुढचे वाक्य आले, आणि त्याला मात्र अज्ञान म्हणण्याची लेखिकेची तयारी नाही.

एवढ्या-तेवढ्याने काय होते, याचे मोजमाप झालेले आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कार्लो कातासी यांच्या इटालियन गटाच्या अभ्यासात पथ्यावर असलेल्या प्रौढ रुग्णांना ९० दिवस रोज ठरावीक ग्लुटेन कॅप्सूलमधून दिले गेले, तेव्हा रोजच्या ५० मिलिग्रॅममुळे आतड्याच्या अस्तराला इजा झाल्याचे दिसले. गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन धरले तर ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा हिस्सा, अर्थात बोटावर मावणारा चुरा. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाप्रमाणेच भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांतही ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. या मर्यादेत बसणाऱ्या ६० ग्रॅम ब्रेडमधून फार तर १.२ मिलिग्रॅम पोटात जाते. शिवाय खाल्ल्यावर पोट दुखले नाही म्हणजे पदार्थ सुरक्षित ठरला असे होत नाही, कारण अनेक रुग्णांत इजा मुकाट्याने होत राहते आणि तपासणीतच उमगते.

तेव्हा खरेदी करणाऱ्याने पाकिटाच्या पुढच्या बाजूकडे दुर्लक्ष करून मागची बाजू वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे, म्हणून ‘मिलेट ब्रेड’वर पहिला घटक गव्हाचे पीठ असेल तर उरलेली बाजरी-ज्वारी नावापुरती समजावी. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून अशा ब्रेडचा सुळसुळाट झाला आहे, आणि त्यांतील काहींत तर फुगवट्यासाठी गव्हाचे ग्लुटेन वेगळे मिसळलेले असते. ‘माल्ट’ हा शब्द दिसला की तो बहुधा जवापासूनचा असतो. ओट्समध्ये गव्हाची भेसळ सर्रास असते, त्यामुळे त्यावर स्वतंत्रपणे ग्लुटेनमुक्त असे लिहिलेले नसल्यास ते सोडावे. आयएनएस ४१५ म्हणजे झँथन गम आणि ४६४ म्हणजे सेल्युलोजपासून केलेला बंधक पदार्थ. या आकड्यांना घाबरण्याचे कारण नाही, उलट गहू नसलेल्या ब्रेडमध्ये ते दिसणे स्वाभाविक आहे. चवीचा विचार करता, टॅपिओका स्टार्च पहिल्या क्रमांकावर असलेला ब्रेड दाताला चिकटतो, तर तांदूळ किंवा ज्वारीचे पीठ, इसबगोल आणि अंडे असलेला ब्रेड अधिक सुसह्य असतो, असा लेखिकेचा अनुभव आहे. आकाराच्या मानाने फार जड लागणारे पाकीट घेऊ नये. घटकयादी नसलेला सुटा ब्रेड, मग शिफारस कोणाचीही असो, घेऊ नये.

नाशिकहून देवळ्यापर्यंतच्या प्रवासात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, गोठवलेला ब्रेड सुटून ओला होतो, म्हणून थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या सोबत न्याव्यात, आणि घरी आल्याबरोबर प्रत्येक दोन स्लाइसमध्ये बटर पेपर घालून पाकीट फ्रीझरमध्ये ठेवावे, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कदापि नाही. खाण्याच्या वेळी स्लाइस न वितळवता थेट तापलेल्या तव्यावर तूप लावून दोन्ही बाजूंनी भाजावी. हा तवा पोळ्यांचा नसावा, आणि ज्या टोस्टरमध्ये गव्हाचा ब्रेड जातो तो यासाठी वापरू नये. डब्यात द्यायचे सँडविच मुलीच्या दुपारच्या सुट्टीपर्यंत कोरडे पडते, त्यावर जाड काकडी आणि लोणी एवढाच तोडगा सापडला आहे, आणि तोही अर्धामुर्धाच आहे. वीज बराच वेळ गेल्यामुळे सुटलेला ब्रेड पुन्हा गोठवण्याऐवजी त्याचा फोडणीचा चुरा करावा, फक्त फोडणीत बाजारचा बांधणी हिंग टाकू नये, कारण तो बांधण्यासाठी पुष्कळदा गव्हाचे पीठ वापरलेले असते. डॉक्टरांचा सल्ला घेत राहावा, हे वेगळे सांगायला नको.

तक्रारीच्या बाबतीत कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, पण त्याची चाल विचित्र आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० नुसार कोणताही खरेदीदार शुल्क भरून पदार्थाची तपासणी अन्न विश्लेषकाकडून करून घेऊ शकतो, मात्र आपण तपासणी करणार असल्याचे त्याने खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगितले पाहिजे. चोराला आधी वर्दी देऊन मग पाळत ठेवण्यासारखी ही अट कोणाच्या सोयीची आहे हे सांगण्याची गरज नाही. तरीही लिखित तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावी, पावती आणि चिठ्ठीसह पाकिटाचे छायाचित्र जोडावे, आणि विक्रेत्याशी बोलणे फोनऐवजी संदेशातून करावे, म्हणजे ‘मी असे म्हणालोच नाही’ याला जागा राहत नाही. संबंधित बेकरीने क्षमा मागितली नाही. पुढे चिठ्ठीवर ‘ग्लुटेन-फ्री’च्या जागी ‘हेल्दी’ असे लिहिलेले दिसू लागले, ब्रेड तोच राहिला, आणि घरातील संशयी स्वभावाची चर्चा त्या दिवसापासून बंद झाली.