हवा पाण्यापेक्षा दोन अंश वर

पोरी, उद्यापासून प्लांट रूमची किल्ली तुझ्याकडे. पंप, फिल्टर, बॅकवॉश, क्लोरीनचा डोस हे सगळं तुला येतं, त्यात मी तोंड घालणार नाही. मला बोलायचंय ते हवेबद्दल. उघड्यावरच्या टँकची हवा देव सांभाळतो. आपला टँक छपराखालचा, त्यात पाणी गरम केलेलं. इथे पाण्याइतकंच हवेकडेही बघावं लागतं, आणि ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये धड शिकवत नाहीत.

आधी एक आकडा पाठ कर. हॉलची हवा पाण्यापेक्षा एक ते दोन अंश गरम हवी. पाणी २८ असेल तर हवा २९ ते ३०. त्याच्या वर जाऊ नकोस. लाइफगार्ड घामाने बेजार होतो आणि बाकावरच्या आया पेंगायला लागतात. फिजिओथेरपीच्या टँकला हा नियम लावायचा नाही. तिथे पाणीच ३३-३४ असतं, तेव्हा हवा ३०च्या आसपास थांबवायची आणि जास्तीची वाफ सोसायची.

हवा गरम ठेवायची म्हटलं की लोकांना उलटंच वाटतं. उन्हाळ्यात कमिटीतलं कोणीतरी हमखास येऊन सांगणार, "फार कोंदट झालंय, जरा गार करा." तू हसून मान डोलव आणि सेटिंगला हात लावू नकोस. का, ते नीट समजून घे, म्हणजे वाद घालताना अडखळणार नाहीस. पाण्याला चिकटून असलेला हवेचा पातळ थर बाष्पाने गच्च भरलेला असतो. २८ अंशांच्या पाण्यावर त्या बाष्पाचा दाब ३.८ किलोपास्कलच्या आसपास असतो. हॉल ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर हॉलमधल्या बाष्पाचा दाब होतो अडीच. या दोन दाबांत जितकी तफावत, तितकं पाणी उडतं. इथे तफावत सव्वा. आता तोच हॉल २६ अंशांवर आण, आर्द्रता ६०च राहू दे. बाष्पाचा दाब दोनवर येतो आणि तफावत होते पावणेदोन. म्हणजे हवा गार केलीस, तर पाणी चाळीस टक्के जास्त उडायला लागलं. कोंदटपणा घालवायला गेलीस आणि तोच वाढवून बसलीस. वर पाण्याबाहेर येणारी पोरं कुडकुडणार ती वेगळीच.

हे उडणारं पाणी म्हणजे किरकोळ काही नाही. २५ बाय साडेबारा मीटरचा टँक, संध्याकाळच्या बॅचची गर्दी, हवा नीट राखलेली, तरी तासाला पन्नास-पंचावन्न लिटर पाणी हवेत जातं. टँक रिकामा असला तरी त्याच्या निम्मं. प्रत्येक लिटर जाताना पाण्यातून जवळपास पाऊण युनिट उष्णता घेऊन जातं. हीटरचं बिल कुठून येतं विचारलं, तर पाण्याच्या पृष्ठभागाकडे बोट दाखव.

आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत राख. ६०च्या वर गेली की भिंतींना बुरशी आणि रंगाचे पोपडे. ५०च्या खाली गेली की ओल्या अंगावरचं पाणी भराभर वाळतं आणि ३० अंशांच्या हवेतही माणसाला थंडी वाजते. पॅनेलवरच्या डिजिटल आकड्यावर फार विसंबू नकोस. क्लोरीनच्या हवेत तो सेन्सर हळूहळू बिघडतो, पण आकडा ऐटीत दाखवत राहतो. कपाटात हाताने गरगर फिरवायचा जुना सायक्रोमीटर आहे, एक कोरडा थर्मामीटर आणि एक ओल्या वातीचा. हवा ३० असताना दोघांत सहा अंशांचा फरक आला तर आर्द्रता साठ, आठचा आला तर पन्नास. सहापेक्षा कमी म्हणजे हवा ओली, आठपेक्षा जास्त म्हणजे कोरडी. एवढं लक्षात ठेवलंस तर तक्ता उघडावा लागणार नाही. वातीला डिस्टिल्ड वॉटर लाव, टँकचं नको, नाहीतर क्षार चढून वात पाणी ओढेनाशी होते. आणि खुर्चीपाशी नाही, पाण्याच्या काठाला जाऊन मोज.

आता काचा. ज्याने कोणी या हॉलला पूर्व बाजूने एवढी मोठी काच लावली, तो बहुधा पोहत नसावा. गार पाण्याचा तांब्या ठेवला की त्याला बाहेरून घाम सुटतो, तसंच हे. २९ अंश आणि ५५ टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू असतो १९. ज्या वस्तूचं अंग १९च्या खाली गेलं, तिच्यावर पाणी जमणारच. पुण्यात जानेवारीच्या पहाटे बाहेर ११ अंश असतात. अशा वेळी साध्या एकेरी काचेचं आतलं अंग १६-१७वर येतं. दुहेरी काच असेल तर २३ राहतं आणि ती कोरडी ठणठणीत असते. आपल्याकडे अर्धी एकेरी आहे. ती बदलेपर्यंत एकच इलाज: डक्टमधली गरम कोरडी हवा आधी काचेवर सोडायची, खालून वर, सगळ्या रुंदीवर. काचेपुढे टॉवेलचं स्टँड किंवा फळा ठेवू देऊ नकोस, हवा अडते आणि बरोबर त्याच्या मागे ओल धरते. पण हीच हवा पाण्यावर मारायची नाही. कोचला वाटतं, पंखा पाण्याकडे वळवला की बरं वाटेल. पाण्यावर वारा घातला की पाणी जास्त उडतं, हा हिशेब तुला आता करता येतो.

पहाटे सहाला पहिल्यांदा काच बघायची सवय लाव. काचेच्या खालच्या कोपऱ्यात नखभर ओल असेल तर फारसं काही नाही. पाणी ओघळून चौकटीत साठलं असेल, तर रात्री कोणीतरी काहीतरी बंद केलंय.

ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा खर्च वाचवू पाहणारा मॅनेजर. रात्री दहाला टँक बंद, मग ब्लोअर कशाला चालू, हा त्यांचा साधा सरळ प्रश्न. सरळ आहे आणि चुकीचा आहे. पाणी रात्री गार होत नाही. ते उडतच राहतं, हॉल मात्र गार पडत जातो, आणि दोन्हींच्या मधोमध आपलं छत, ट्रस आणि दिव्यांच्या वायरी असतात. रात्री वीज वाचवायचीच असेल तर टँकवर कव्हर टाका. बाष्पीभवन निम्म्याहून खाली येतं, मग ब्लोअरचा वेग कमी करता येतो. बंद मात्र नाही. याबाबतीत मी खूप लोकांशी भांडलोय, तूही भांड.

कव्हरची एक गोम आहे. रात्रभर त्याच्याखाली वायू साठतो. सकाळी ते गुंडाळलं की तो मोकळा होतो, म्हणून पहिली बॅच येण्याच्या अर्धा तास आधी कव्हर काढ आणि बाहेरच्या हवेचा डँपर पूर्ण उघड. लोक ज्याला क्लोरीनचा वास म्हणतात तो हाच, आणि तो क्लोरीनचा नसतो. घामातल्या-लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरीन जुळलं की क्लोरामाइन तयार होतात. त्यातला एक, ट्रायक्लोरामाइन, हवेपेक्षा जड. तो पाण्यालगत पसरून राहतो, म्हणजे नेमका पोहणाऱ्याच्या नाकाशी. पोरं खोकायला लागली की आई म्हणते क्लोरीन जास्त झालं आणि सेक्रेटरी म्हणतो डोस कमी करा. कमी करू नकोस; आधी किटने कंबाइंड क्लोरीन, म्हणजे हेच क्लोरामाइन, मोज, शॉवर घेतल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नकोस, आणि ताजी हवा वाढव. काठालगत खाली जी एक्झॉस्टची जाळी आहे ना, ती यासाठीच आहे. तिच्यापुढे फ्लोट्सची पोती रचलेली मला बघवत नाहीत.

पावसाळ्यात मात्र ताज्या हवेचं गणित फिरतं. जुलैत पुण्यातल्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू २२ला असतो, मुंबईत २५. आपल्या हॉलला १९ हवा. म्हणजे बाहेरची हवा आपल्यापेक्षाही ओली, आणि खिडक्या उघडून हॉल वाळेल अशी आशा करणं फुकट. लोकांच्या श्वासाला लागेल तेवढीच बाहेरची हवा घे, बाकी काम डीह्युमिडिफायरच्या कॉम्प्रेसरला करू दे. थंडीत उलट. तेव्हा बाहेरची हवा कोरडी असते, ती तापवून घेतलीस की निम्मं काम फुकटात होतं.

हॉलचा दाब बाकी इमारतीपेक्षा किंचित कमी ठेवायचा, म्हणजे जितकी हवा आत घेतेस त्यापेक्षा साधारण दहा टक्के जास्त बाहेर टाकायची. नाहीतर ही दमट हवा चेंजिंग रूममध्ये, तिथून ऑफिसात आणि भिंतींच्या आत शिरते. तपासायला मीटर लागत नाही. दार बोटभर उघडून फटीपाशी उदबत्ती धर. धूर हॉलमध्ये ओढला गेला पाहिजे. ऑफिसकडे वळला तर एक्झॉस्टचा पट्टा सैल झालाय किंवा कोणीतरी फायर एक्झिटला वीट लावून ठेवलीय.

फॉल्स सीलिंगच्या वरची जागा वर्षातून दोनदा स्वतः चढून बघ, कंत्राटदाराच्या फोटोवर भागवू नकोस. स्वित्झर्लंडमध्ये उस्टर गावी ९ मे १९८५ला टँकवरचं काँक्रीटचं लटकतं छत खाली आलं आणि बारा माणसं गेली. ते छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगलेलं होतं. स्टेनलेस म्हणून कोणाला काळजी नव्हती. क्लोरीनची संयुगं त्या सळ्यांवर साठत गेली, ताणाखालच्या धातूत बारीक चिरा पडल्या, आणि वरवर पाहणाऱ्याला फार काही दिसत नव्हतं. आपल्या ३०४ स्टेनलेसच्या हँगरचं मला म्हणूनच कौतुक नाही. दिसेल तिथे तपकिरी ठिपका किंवा चीर, लगेच लेखी कळव, तोंडी नको.

ॲसिडचे कॅन एएचयूच्या, म्हणजे हवा हाताळणाऱ्या यंत्राच्या, खोलीत ठेवू देऊ नकोस. झाकण घट्ट असलं तरी वाफ सुटते आणि कॉइलचं तांबं खाते. क्लोरीनचे डबेही तिथे नकोत, आणि ॲसिड न् क्लोरीन एकमेकांशेजारी तर कुठेच नकोत. त्यांची जागा वेगळी, हवेशीर, कुलपात.

शेवटचं, ते ड्रेनच्या नळीचं. डीह्युमिडिफायर हवेतून किती पाणी काढतो ते तिथे दिसतं. दर सोमवारी त्याच वेळेला नळीखाली बादली ठेव, पंधरा मिनिटांत किती भरते ते वहीत लिही, शेजारी हवेचा, पाण्याचा आणि वातीचा आकडा. हे तीनही आकडे तेच आणि बादली मात्र कमी भरली, तर आधी फिल्टर काढून बघ, मग कॉइलवर बर्फ धरलाय का बघ, ब्लोअरचा पट्टा हाताने दाबून बघ. तिन्ही ठीक असतील तरच सर्व्हिसवाल्याला फोन कर. तो आला की गॅस कमी झालाय म्हणेल. गेज लावून दाखवल्याशिवाय भरू देऊ नकोस.