पहिली स्पिअरगन घेताना

स्पिअरगनच्या दुकानात पाऊल टाकलं की समोरचा आधी विचारतो, ‘कुठला मासा मारायचाय?’ माझ्या मते त्याने विचारायला हवं ते हे, की तुम्ही ज्या पाण्यात उतरणार आहात तिथे किती लांबचं दिसतं. सिडनीच्या खडकाळ किनाऱ्यावर एरवी पाच ते दहा मीटर दिसतं. मोठा पाऊस पडून गेला की दोन मीटरवरचंही धूसर. जे दिसतच नाही ते मारायला लांब बंदूक कशाला?

माझ्या एका मित्राच्या गळ्यात दुकानदाराने 130 सेंटिमीटरची, दोन रबरांची बंदूक मारली. ‘किंगफिश हवा असेल तर हीच,’ म्हणाला. (हा पिवळ्या शेपटीचा मासा, आपली सुरमई नव्हे.) दिवाणखान्यात बंदूक झोकात दिसायची. खरी गंमत पाण्यात उतरल्यावर.

स्पिअरगन भरायची म्हणजे दस्ता छातीच्या मधल्या हाडावर टेकवायचा, दोन्ही हातांनी रबर ओढत आणायचं आणि त्याची तार सळईच्या खाचेत अडकवायची. हे सगळं लाटांवर डुलत, पायाखाली आधार नसताना. मित्राची उंची बेताची. पहिलं रबर कसंबसं अडकलं, दुसऱ्याच्या वेळी खाच चार बोटांवर राहिली. छातीवर जांभळा डाग उठला तो वेगळाच. मग एकाच रबरावर काम सुरू. कपारीतून मासा बाहेर यायचा, वळायचा, दिसेनासा व्हायचा, तरी याची नळी अजून वळतेच आहे. लांब नळी आडवी फिरवताना पाणी तिला अडवतं. शेवटी लुडरिक नावाच्या एका माशावर अगदी जवळून घोडा दाबला. मासा निसटला, सळई मागच्या खडकावर आपटून टोकाशी वाकली. वाकडी सळई पुढे नेमाला उपयोगाची नाही.

अशा पाण्यात नवशिक्याने 90ची घ्यावी. 16 मिलिमीटरचं एक रबर आणि 7 मिलिमीटरच्या आसपासची सळई असली की टोकापासून अडीच-तीन मीटरपर्यंत मार मिळतो. गढुळात आणि कपारींत 75ची बरी. 120-130 ही निळ्याशार, खोल पाण्यासाठी, तीही हात बसल्यावर. आणखी एक. मास्कमधून पाण्यातली वस्तू साधारण चतुर्थांशाने जवळ दिसते. त्यामुळे नवा माणूस लांबूनच मारतो आणि मग बंदुकीला नावं ठेवतो.

हवेच्या दाबावर चालणारी बंदूक आखूड असून जोरकस, पण तिच्या आतली सील सांभाळावी लागतात. रबराला चिरा पडल्या तर निदान डोळ्यांना दिसतात, नवं रबरही घरी बसवता येतं. मी रबरवाल्यांच्या बाजूचा.

दुकानातच दस्ता छातीला लावून हात खाचेपर्यंत पोचतात का ते बघा. घोडा मात्र तिथे दाबायचा नाही. भरायची ती पाण्यात आणि रिकामी करायची तीही पाण्यातच. सेफ्टीच्या खटक्यावर विसंबून भरलेली बंदूक घेऊन खडकावर चढणाऱ्याबरोबर मी तरी जात नाही. एकट्याने उतरू नये. श्वास रोखून गेलेला माणूस वर येताना शेवटच्या काही मीटरांत बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून एक खाली असताना दुसऱ्याने वरून लक्ष ठेवायचं.

सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये स्कूबाची टाकी लावून भाल्याने मासे मारायला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल चालतं. किंगफिश 65 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडायचा. म्हणजे आधी मापाचा अंदाज घ्या, मग मारा, कारण भाला लागलेला मासा सोडून उपयोग नाही. ब्लू ग्रोपर हा तिथला राज्यमासा. तो कुतूहलाने अगदी जवळ येतो, पण त्याच्यावर भाला चालवणं गुन्हा आहे. मासेमारीची फी भरल्याची पावती जवळ ठेवा.

130ची पहिल्या वर्षी घेऊच नका. तेच पैसे जादा सळई, फ्लोट आणि फ्रीडायव्हिंगच्या कोर्ससाठी ठेवा. त्यातही कोर्स आधी.