यंत्र, शिक्षक आणि राष्ट्रीय योजना

कोणत्याही धर्मादाय संस्थेचा जमाखर्च उघडून पाहिला, तर त्यात विद्यादानाची बाब हटकून आढळते. पूर्वी ती वह्या-पुस्तके, शिष्यवृत्ती व वसतिगृह या रूपाने असे. आता त्याच रकान्यात संगणक, मोठा पडदा, इंटरनेटची जोडणी अशी नावे येऊ लागली आहेत. दान देणाऱ्याचा हेतू तोच असतो. परंतु दिलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र नव्याने विचारावा लागतो. वही मुलाच्या हाती पडली की कामास येते. यंत्राचे तसे नाही. त्याला वीज लागते, दुरुस्ती लागते आणि ते वापरणारा शिक्षक लागतो.

हा प्रश्न आपल्यापुढेच आहे असे नव्हे. साऱ्या देशाने तो गेली साठ-सत्तर वर्षे सोडवून पाहिला आहे. त्या प्रयत्नांत कोठे यश आले व कोठे पैसा वाया गेला, हे महोत्सवी अंकाच्या निमित्ताने आपण सर्वांनी थोडे समजून घ्यावे, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रारंभ आपल्याच भाषेतून झाला, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसेल. 1956 साली पुणे आकाशवाणीवरून त्या वेळच्या मुंबई राज्यातील सुमारे दीडशे मराठी खेड्यांसाठी एक प्रयोग करण्यात आला. त्यास युनेस्कोचे साहाय्य होते. गावात एक श्रोतृमंडळ असे. मंडळींनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, मग त्यावर चर्चा करावयाची आणि जे पटेल ते करून पाहावयाचे, अशी त्याची रीत होती. येथे नुसता रेडिओ शिकवीत नव्हता. रेडिओमुळे माणसे एकत्र येत होती आणि खरे शिक्षण त्यांच्या बोलण्यातून घडत होते. पुढील सर्व प्रयोगांची परीक्षा घेण्यास ही खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

यानंतरचा प्रयोग फारच मोठा. डॉ. विक्रम साराभाई यांची कल्पना अशी की, ज्या खेड्यात पक्की सडकही पोचलेली नाही तेथे उपग्रहाच्या द्वारे दूरचित्रवाणी एकदम पोचवावी. त्यासाठी 1969 साली अमेरिकेच्या नासा या संस्थेशी करार झाला. साराभाई 1971 च्या अखेरीस निवर्तले; पण काम थांबले नाही. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे प्रमुख प्रा. यशपाल आणि या योजनेचे कार्यक्रम व्यवस्थापक, मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस, यांनी ते तडीस नेले. 1 ऑगस्ट 1975 पासून 31 जुलै 1976 पर्यंत बरोबर एक वर्ष आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार व ओरिसा या सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत हे कार्यक्रम दिसत होते. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास मोठ्या माणसांसाठी, अशी वेळेची वाटणी होती. हा प्रयोग 'साइट' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो.

आपल्या हैदराबादकर वाचकांस याचा विशेष अभिमान वाटावा. कारण गावोगाव बसविलेले संच येथील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कारखान्यात तयार झाले. आकाशातून येणारा संदेश पकडणारी दहा फूट व्यासाची थाळी कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या तारेच्या जाळीची होती. उपग्रह परक्याचा, वर्षभरासाठी उसना घेतलेला. परंतु संच, कार्यक्रम आणि योजना आपली होती.

या योजनेतील तीन गोष्टी आम्हांस आजही शिकण्यासारख्या वाटतात. पहिली, दुरुस्तीची व्यवस्था. संच बसविण्यापूर्वीच तो बिघडल्यास कोणी कळवावे, कोणी यावे आणि सुटे भाग कोठे ठेवावेत, हे ठरले होते. दुसरी, भाषा. एकच कार्यक्रम साऱ्या देशावर न लादता हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड या भाषांतून ते तयार झाले. तिसरी आणि सर्वांत मोलाची, शिक्षकांचा विचार. विज्ञान कसे शिकवावे यासाठी सुट्टीच्या काळात दूरचित्रवाणी, रेडिओ, छापील साहित्य व प्रत्यक्ष मार्गदर्शक यांची सांगड घालून जवळजवळ 50 हजार प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले. यंत्र शिक्षकाच्या जागी न बसविता त्याच्या हाताशी दिले गेले.

प्रयोग संपल्यावर काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ठरल्याप्रमाणे उपग्रह परत गेला. काही ठिकाणी जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे उभारून त्यांतील काही गावांची सोय झाली. उरलेल्या गावांतील पडदे अंधारात गेले. आपला इन्सॅट उपग्रह मार्गी लागेपर्यंत 1983 साल उजाडले. जी योजना एका वर्षाने संपते, ती गावाच्या मनात आशा निर्माण करून निघून जाते, हा या प्रकरणाचा कटू भाग होय.

पुढील योजनांत वस्तू वाढल्या, पण वरील तिन्ही गोष्टींकडे तितके लक्ष राहिले नाही. 1984-85 साली ब्रिटिश बनावटीचे संगणक सुमारे अडीचशे शाळांत देऊन संगणक-साक्षरतेची योजना सुरू झाली. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शाळांना रंगीत दूरचित्रवाणी संच व रेडिओ-कॅसेट यंत्रे पुरविण्यात आली. यांपैकी कित्येक यंत्रे मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलुपात राहिली. बिघडले तर भरपाई कोणी द्यावी, या भीतीने त्यांवरील आच्छादनही निघाले नाही. येथे मुख्याध्यापकांस दोष देणे सोपे आहे. परंतु दुरुस्तीस पैसा नाही व जबाबदारी मात्र आहे, अशा स्थितीत कोणीही शहाणा मनुष्य तसेच करील.

20 सप्टेंबर 2004 रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. परके साधन उसने घेण्याचे दिवस संपले होते. तरीही भूमीवरील जाळे उभारण्यास विलंब, कार्यक्रमांची टंचाई व व्यवस्थेतील उणिवा यांमुळे त्याचा पुरता उपयोग झाला नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांनी ठेवला. 1975 मध्ये उपग्रह नव्हता, पण व्यवस्था होती. 2004 मध्ये उपग्रह होता, पण व्यवस्था अपुरी पडली.

अलीकडच्या काळात 2017 साली 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकातील चौकोनी ठशावर मोबाइल धरला की त्या धड्याचे चित्र, ध्वनी व प्रश्न समोर येतात. या कल्पनेस बळ देणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा वाटा आहे. 2020 साली त्यांना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. खेड्यातील एका शिक्षकाने आपल्या वर्गाच्या गरजेतून शोधलेली युक्ती वर राष्ट्रीय योजनेपर्यंत पोचली, हे विशेष. योजना नेहमी दिल्लीहूनच खाली आली पाहिजे, असे नाही.

त्याच वर्षी महामारीमुळे शाळा बंद पडल्या आणि साऱ्या व्यवस्थेची कसोटी लागली. 'असर' पाहणीप्रमाणे 2018 मध्ये ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या 36.5 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता; 2020 मध्ये हे प्रमाण 61.8 टक्के झाले. वाढ मोठी खरी. पण शंभरांतील अडतीस मुलांच्या घरी तो नव्हताच. आणि ज्या घरी होता तेथेही तो बहुधा एकच. वडील तो घेऊन कामावर गेले की मुलाची शाळा बंद. सरकारने प्रत्येक इयत्तेस एक दूरचित्रवाणी वाहिनी देऊन ही उणीव काहीशी भरून काढण्याचा यत्न केला. शाळांची स्थितीही हळूहळू सुधारत आहे. 2024-25 च्या सरकारी माहितीनुसार देशातील सुमारे 65 टक्के शाळांत संगणक व 63 टक्क्यांहून अधिक शाळांत इंटरनेट आहे. म्हणजे तीन शाळांमागे एक शाळा अजून वाट पाहत आहे.

आता आपल्या संस्थेचा विचार करू. राष्ट्राच्या योजनेपुढे आपला निधी म्हणजे समुद्रातील थेंब. पण जो धडा राष्ट्राने कोट्यवधी रुपये खर्चून घेतला, तो आपणांस फुकट मिळत आहे. म्हणून शाळेस यंत्र देण्यापूर्वी विश्वस्तांनी चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. हे यंत्र कोणता शिक्षक वापरणार व त्यास कोणी शिकविले आहे? बिघडल्यास कोण दुरुस्त करणार? त्यावरील पाठ मुलांच्या भाषेत आहेत काय? आणि तीन वर्षांनंतर त्याचा खर्च कोण देणार? यांची उत्तरे मिळेपर्यंत धनादेशावर सही करू नये. आमच्या मते शंभर रुपयांचे यंत्र देताना निदान तीस रुपये दुरुस्ती व शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी बाजूस ठेवावेत. भिंतीवरील देणगीदारांच्या पाटीवर हे तीस रुपये दिसत नाहीत, हे खरे. पण उरलेले सत्तर त्यांच्याच आधाराने जगतात.

एक गोष्ट तर विनाखर्चाची आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत मुले मराठी बोलतात, पण वाचता येत नाही, ही तक्रार प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकू येते. बालभारतीची मराठी पाठ्यपुस्तके आज इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. संस्थेच्या सभागृहात पडदा आहे, रविवारची सकाळ मोकळी असते आणि निवृत्त शिक्षक-शिक्षिका आपल्यांत पुष्कळ आहेत. पुण्याच्या त्या श्रोतृमंडळांप्रमाणे दहा मुले व एक आजी एकत्र बसल्या, पाठ पाहिला, मोठ्याने वाचला आणि त्यावर बोलल्या, तर याहून निराळी योजना नको.

यंत्र दाराशी आणून ठेवता येते. त्यास वर्गात नेण्याचे काम माणसानेच करावयाचे असते. येत्या वर्षांत आपल्या संस्थेचे दान त्या माणसापर्यंत पोचो, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही वाचकांची रजा घेतो.