‘महाराष्ट्र’ ह्या नांवाचा अर्थ व उगम



कासा येथून चारोटीच्या नाक्यावर जाऊन उत्तरेची वाट धरिली, तर तलासरी तालुक्यांत आच्छाडपुढें महाराष्ट्राची हद्द संपून गुजरात राज्य लागतें. हद्दीच्या अलीकडे वारली राहतात. पलीकडेही वारलीच राहतात. मग अलीकडच्यांनीं आपणांस महाराष्ट्राचे म्हणावें व पलीकडच्यांनीं म्हणूं नये, हें कशावरून ठरलें? आणि ह्या नांवाचा अर्थ तरी काय? पुष्कळांस हें कोणी सांगितलेलें नसतें. जे सांगतात, ते बहुधा एका जातीचें अगर कुळाचें नांव त्यांत दाखवितात. म्हणून आज ह्या शब्दाचाच अभ्यास करूं.

१. शब्दाचा अर्थ. ‘महा’ म्हणजे मोठें. ‘राष्ट्र’ हा शब्द आज आपण सर्व देशाविषयीं वापरतों. परंतु जुन्या लेखांत तो राज्याच्या एका भागाविषयीं, म्हणजे मुलखाविषयीं येतो. तस्मात् महाराष्ट्र म्हणजे मोठा मुलूख. आपल्या शेजारचें ‘सौराष्ट्र’ हें नांव ‘सुराष्ट्र’, म्हणजे चांगला मुलूख, ह्यावरून आलें. तशीच ही घडण होय. प्राकृत बोलींत ‘राष्ट्र’ ह्याचें ‘रट्ठ’ झालें. महाराष्ट्राचें ‘महारट्ठ’ व ‘मरहट्ठ’ झालें. आणि त्यांतूनच ‘मराठा’ व ‘मराठी’ हे शब्द निघाले.

कर्नाटकांत ऐहोळे येथें इ. स. ६३४ चा शिलालेख आहे. रविकीर्ति कवीनें त्यांत चालुक्य राजा दुसरा पुलकेशी हा ९९,००० गांवांच्या तीन ‘महाराष्ट्रकांचा’ स्वामी झाला असें लिहिलें आहे. तीन म्हटले, ह्यावरूनही हें नांव मुलखाच्या भागांचें होतें असें दिसतें.

२. दुसरीं मतें. मोलस्वर्थ साहेबांच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. तिला जोडलेल्या टिपणांत डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं महाराष्ट्र म्हणजे महारांचें राष्ट्र असावें, असें सुचविलें. गांव तेथें महारवाडा, हें सर्वांस ठाऊक आहे; म्हणून हें मत अनेकांस पटलें. परंतु जुन्या रूपांत ‘महा’ आणि ‘रट्ठ’ हेच दोन भाग दिसतात. ‘महार’ आणि ‘रट्ठ’ असे धरिले तर एक ‘र’ कमी पडतो.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांचें मत निराळें. अशोकाच्या लेखांत ‘रठिक’ नांवाचे लोक येतात, आणि नाणेघाटाच्या लेण्यांत ‘महारठि’ ही पदवी कोरलेली आहे. ह्या लोकांवरून देशास नांव पडलें, असें ते म्हणत. उलट दुसरे पंडित म्हणतात कीं, ‘रठिक’ हा शब्दच ‘राष्ट्रिक’, म्हणजे मुलखाचा अधिकारी, ह्यावरून आला. मग मुलूख आधीं व पदवी मागून.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. व्युत्पत्ति टिकली नाहीं म्हणून कोणाचा मान कमी होत नाहीं, आणि टिकली म्हणून कोणाचा हक्क वाढत नाहीं. ज्यांस गांवकुसाबाहेर ठेविलें, त्यांच्या कष्टांवर हा मुलूख उभा राहिला. ह्या सत्यास शब्दाच्या टेकूची गरज नाहीं.

३. आपला भाग. आपली भूमि प्राचीन काळीं महाराष्ट्रांत गणली जात नसे! सिंहलद्वीपाच्या ‘महावंस’ ह्या पाली ग्रंथांत अशोकाच्या काळीं बौद्ध उपदेशक कोठें कोठें धाडिले, ह्याची यादी आहे. तींत ‘महारट्ठ’ निराळा व ‘अपरांतक’ निराळा. अपरांत म्हणजे पश्चिमेचा शेवट, अर्थात् कोंकण. त्याचें मोठें बंदर शूर्पारक, म्हणजे आपल्याच पालघर जिल्ह्यांतील सोपारें. तेथें अशोकाच्या लेखांचे तुकडे सांपडले आहेत. नांव तेंच राहिलें, पण त्याखालची भूमि वाढत गेली व आपण त्यांत आलों.

४. राज्याचें नांव. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याची विभागणी झाली. कायद्यानें गुजरात हें नवें राज्य केलें, आणि उरलेल्या मुंबई राज्यास महाराष्ट्र हें नांव दिलें. त्या वेळीं ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांतील पुष्कळ गांवें गुजरातेंत गेलीं. जीं राहिलीं, त्यांचा तलासरी भाग झाला. पुढें १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यांतून पालघर जिल्हा निघाला. ह्याप्रमाणें एकाच आयुष्यांत एखाद्या म्हाताऱ्यानें घर न हलवितां राज्याचें नांव बदललेलें पाहिलें व जिल्ह्याचेंही पाहिलें.

सारांश, महाराष्ट्र हें नांव कोणा एका जातीचें अगर कुळाचें नसून मुलखाचें आहे. म्हणून जो ह्या मुलखांत राहतो, मग तो वारली असो, कोकणा असो, कातकरी असो, त्याचें तें पुरतें आहे. तें त्यास कोणाकडून मागून घ्यावयाचें नाहीं. आणि हद्दीपलीकडील भाऊबंद दुसऱ्या नांवाखालीं गेले, म्हणून ते परके झाले असेंही समजूं नये.

अभ्यासासाठीं प्रश्न
१. जुन्या लेखांत ‘राष्ट्र’ शब्दाचा अर्थ काय होता?
२. अपरांत म्हणजे कोणता प्रदेश?
३. आपल्या गांवच्या नांवाचा अर्थ काय? घरच्या वडील माणसांस विचारून लिहून आणावा.